आधी सांगणे आणि मागून सांगणे

निवडणुकीला उभा राहणारा माणूस मतदारांना नाना वचने देतो. कोणी रस्ता देऊ करतो, कोणी पाणी. पण एखादा म्हणतो, "कारभार उघडा ठेवीन आणि तुमच्याशी बोलत राहीन, एवढेच माझे वचन." अमेरिकेतील काउंटीच्या निवडणुकांत हे वचन वारंवार ऐकू येते. त्याला पैसा लागत नाही आणि त्याला उघड विरोधही कोणी करीत नाही. म्हणूनच विचारले पाहिजे की, या वचनाने माणूस नक्की कशाला बांधला जातो?

काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा. एकट्या कॅलिफोर्निया राज्यात ५८ काउंट्या आहेत. त्यांपैकी बहुतेकींचा कारभार चार वर्षांसाठी निवडून आलेल्या पाच सभासदांचे मंडळ पाहते. सार्वजनिक आरोग्य, शहराच्या हद्दीबाहेरील रस्ते आणि जमिनीचा वापर, वर्षाचे अंदाजपत्रक हे सारे त्या मंडळापुढे येते. पाचांपैकी तिघांचे एकमत झाले की बहुतेक निर्णय होतात. आता असे समजा की, हे तिघे आदल्या रात्री कोणाच्या घरी जेवायला जमले आणि तेथेच सगळे ठरले. मग दुसऱ्या दिवशीची सभा हा नुसता देखावा उरतो.

ही भीती काल्पनिक नव्हती. स्थानिक संस्थांचे निर्णय लोकांच्या पाठीमागे कसे होतात, हे १९५२ साली मायकेल हॅरिस या वार्ताहराने 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' या दैनिकातील लेखमालेत दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, मोडेस्टोचे आमदार राल्फ ब्राउन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. आज त्याप्रमाणे मंडळाच्या बहुसंख्य सभासदांना सभेबाहेर, मध्यस्थामार्फतसुद्धा, कारभाराची चर्चा करता येत नाही. नेहमीच्या सभेची कार्यक्रमपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. विषय निकालात निघण्यापूर्वी नागरिकाला त्यावर बोलू द्यावे लागते.

या अटींचे मर्म 'आधी' या एका शब्दात आहे. निर्णय झाल्यावर तो सुंदर पत्रक काढून कळवणे ही बातमी झाली. बातमी देणाऱ्याला काही गमवावे लागत नाही. निर्णयापूर्वी सांगणारा मात्र स्वतःला अडवण्याची संधी दुसऱ्याच्या हाती देतो. लोक नको म्हणतील, चूक काढतील, कदाचित आपला आवडता बेतच मोडून टाकतील. हा धोका पत्करण्याची तयारी नसेल, तर मोकळेपणाचे वचन पोकळ ठरते.

यावर कोणी म्हणेल, सर्वच गोष्टी चव्हाट्यावर मांडाव्यात काय? मुळीच नाही. कोर्टातील दावा, एखाद्या नोकराची चौकशी, खरेदी करावयाच्या जमिनीची किंमत यांची चर्चा बंद दाराआड करण्यास तो कायदाही मुभा देतो. मात्र दार कोणत्या कारणासाठी बंद होत आहे, हे कार्यक्रमपत्रिकेत द्यावेच लागते. येथे विवेकाला एक साधी कसोटी लावता येते. हे मौन कोणाला वाचवते? दुसऱ्याची अब्रू किंवा लोकांचा पैसा वाचवीत असेल, तर ती गोपनीयता होय. मला प्रश्नांपासून वाचवीत असेल, तर ती लपवाछपवी होय.

दुसरा म्हणेल, "मी प्रामाणिक आहे, मला हे सोपस्कार कशाला?" पौलाच्या प्रामाणिकपणाविषयी आपल्याला शंका नाही. तरी यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतला. दोष ठेवायला कोणाला जागा राहू नये, हे त्याचे कारणही करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने स्पष्ट दिले आहे. प्रामाणिक माणसालाच अशी व्यवस्था जड वाटत नाही.

पण दार उघडे ठेवूनही भागत नाही. लॉस अँजेलिस काउंटीत बेल नावाचे सुमारे ३५ हजार वस्तीचे, बहुतांशी कष्टकऱ्यांचे शहर आहे. २००५ साली तेथे शहराला स्वतःची सनद असावी की नाही, यावर मतदान झाले. सनद मिळताच नगरसेवकांच्या वेतनावरील राज्याची मर्यादा सुटणार होती. मतपत्रिकेवर वेतनाचा उल्लेखही नव्हता. मत द्यायला ४०० माणसेही आली नाहीत. २०१० साली 'लॉस अँजेलिस टाइम्स'ने उघड केले की, त्या शहराचा व्यवस्थापक वर्षाला ७,८७,००० डॉलरांहून अधिक पगार घेत होता. मतदान कायद्याने झाले होते, कागदही लोकांसमोर आला होता. जे सांगायला हवे होते, तेवढेच त्यात नव्हते.

यात दोष सांगणाऱ्यांचा मोठा, यात शंका नाही. परंतु न आलेल्या मतदारांनाही पुरते मोकळे सोडता येत नाही. उघड्या दारातून कोणी आत आलेच नाही, तर ते दार बंद असल्यासारखेच आहे. कार्यक्रमपत्रिका वाचणे, रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसणे, न समजलेला आकडा पुन्हा विचारणे ही कंटाळवाणी कामे आहेत. प्रतिनिधीने आधी सांगावे, अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी ऐकायला जाण्याचेही वचन मनोमन द्यावे लागते.

तेव्हा उघड्या कारभाराचे वचन देणारा उमेदवार भेटला, तर त्याचे कौतुक जरूर करावे आणि दोन प्रश्नही विचारावेत. निर्णय होण्याच्या किती दिवस आधी आम्हांला कळेल? आणि आम्ही 'नको' म्हटले, तर तुम्ही काय कराल? दुसऱ्या प्रश्नाला तो थोडा थांबून उत्तर देईल, तर बरे. आपण काय देऊ करीत आहोत, हे त्याला कळले असा त्याचा अर्थ होईल.