तळी आधी खणली

रायपूरची पुरानी बस्ती तळ्यांच्या आधाराने वाढली. महाराजबंध, कंकाली तालाब, शेजारीच बूढ़ा तालाब. ती खणणाऱ्यांना पुढचा दुष्काळ कोणत्या साली पडेल हे कुठे ठाऊक होतं? पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने त्यावर काढायचे असतात, एवढं माहीत होतं. तेवढ्यावर त्यांनी कुदळ उचलली.

आता हवामानबदलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो नेमक्या आकड्याचा. आमच्या वॉर्डात पाऊस किती वाढणार, ऊन किती चढणार? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायला तो निमित्त ठरतो. याच शहरातलं राजबंधा तालाब बुजलं. आता तिथे राजबंधा मैदान आहे. जमीन मिळाली, पण पाणी साठवायची जागा गेली.

भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं नातं नागपूरशी, म्हणून तिथलं उदाहरण जवळचं. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. एवढा पाऊस त्याच पहाटे पडेल हे कुणाला सांगता आलं नसतं. मात्र सांडव्याखालची वाट मोकळी आहे का, हे कोरड्या दिवसांत जाऊन बघता येतं.

अहमदाबादने 2010च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत माणसं गमावली आणि 2013मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. वेळेवर इशारा, डॉक्टरांना प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याची सोय. यात अचाट काही नाही. अंदाज चुकला तरी तहानलेल्याला पाणी मिळालेलंच असतं. तळ्यातला गाळ काढण्याचंही तसंच.

अडचण वेगळीच आहे. न आलेल्या पुराची फीत कापता येत नाही. बूढ़ा तालाबावरची कारंजी आणि रोषणाई लोकांना दिसते. तळ्यात पाणी आणणारा ओहोळ कुठे दबला, ते दिसत नाही. संध्याकाळी काठावर फिरायला मलाही आवडेल. पण सुशोभीकरणाला पूर्वतयारी म्हणू नये.

नालेसफाईवर दरवर्षी खर्च होतोच. त्याच्या जोडीला तळ्यांकडे येणाऱ्या ओहोळांची मोजणी आणि त्यांच्या हद्दीच्या खुणा, एवढी एक ओळ यंदाच्या अंदाजपत्रकात घालता येईल. त्यासाठी आणखी कुठल्या अहवालाची वाट पाहायला नको.