गच्चीचा कठडा



जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा. तो घातला नाही आणि वरून कोणी पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय. त्या देशात घरांची छपरे सपाट असत. लोक गच्चीवर धान्य वाळवत, उन्हाळ्यात तिथेच झोपत. पडणारा माणूस कोण असेल हे नियमात सांगितलेले नाही. तो पाहुणा असेल, शेजाऱ्याचे पोर असेल, कदाचित अजून जन्मालाही आलेला नसेल. तरीही त्याचा विचार घर बांधतानाच करायचा आहे.

दरवर्षी १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, ख्रिस्तसभा सृष्टीसाठी विशेष प्रार्थना करते. त्या निमित्ताने आपण मिस्सानंतर रोपे वाटतो, मुलांची चित्रकला स्पर्धा घेतो. हे चांगलेच आहे. मात्र वाटलेल्या रोपांपैकी किती जगली हे पाहायला आम्ही कधी गेलो नाही, हेही कबूल केले पाहिजे. पण आजचा प्रश्न रोपांचा नाही. सृष्टी राखायची तर झाड लावून भागते का? की शासनाकडे नियम मागणे, त्यासाठी अर्ज करणे, हरकत नोंदवणे, वेळ आली तर विरोधात उभे राहणे, हेही ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे? आणि तोच नियम उद्या आपल्याच बांधवाच्या दारात येऊन उभा राहिला तर?

हा प्रश्न आपल्या भागात पुस्तकी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. येरळा आणि कृष्णा जिथे भेटतात त्या ब्रह्मनाळ गावात पुरातून सुटू पाहणाऱ्या लोकांची बोट उलटली. दोनच वर्षांनी, २२ जुलै २०२१ च्या रात्री, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे डोंगर घरांवर आला. त्या पावसात महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाबळेश्वर, वाई, कराड, सांगली ही एकाच पाण्याच्या वाटेवरची गावे आहेत. वरच्या डोंगरावर जे घडते ते उतरत खाली आपल्या उंबऱ्याशी येते.

पूर आला तेव्हा आपण मागे राहिलो नाही. जातपात, धर्म न पाहता लोकांनी लोकांना भाकरी दिली, कपडे दिले, घरातला चिखल काढू लागले. ती दया खरी होती. पण पूर ओसरल्यावर दुसरे काम उरते, आणि तिथे गर्दी नसते. नदीकाठच्या नकाशावर पाटबंधारे विभागाच्या दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित. हाच आपल्या गावाच्या गच्चीचा कठडा. त्या रेषेच्या आत भराव पडतो, प्लॉट विकले जातात, पुढच्या पुरात पाणी दुसऱ्याच्या घरात शिरते, आणि आपण पुन्हा भाकरी घेऊन धावतो. भाकरी देणे ही प्रीती आहे. पण भराव पडत असताना गप्प बसणे हे काय आहे?

कोणी म्हणेल, कायदेकानू हा सरकारचा विषय, मंदिरात त्याची चर्चा कशाला? पण पवित्र शास्त्राने गरिबाची काळजी केवळ धनवानाच्या मनावर सोडलेली नाही. लेवीय पुस्तकात शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये, ती कड गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावी, असा नियमच घातला आहे. सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा आहे. नगराला वेढा घालणाऱ्या सैन्यालासुद्धा फळझाडे तोडण्याची मनाई आहे. यात शेतमालकाच्या लहरीला जागाच ठेवलेली नाही. प्रीती टिकायची असेल तर तिला नियमाचे रूप द्यावे लागते, हे त्या जुन्या लोकांना कळले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे पत्र लिहिले, तेव्हा त्यातही वैयक्तिक साधेपणाबरोबर राजकीय निर्णयांची चर्चा त्यांनी मुद्दाम केली, आणि नागरिकांनी सत्तेवर दबाव ठेवला पाहिजे हे स्पष्ट सांगितले. पृथ्वीचे रडणे आणि गरिबाचे रडणे त्यांनी एकत्रच ऐकले.

हे काम कसे असते? ते दिसायला फार नीरस असते. राजपत्र वाचायचे, नकाशात आपल्या गावाचा सर्व्हे नंबर शोधायचा, मुदतीच्या आत हरकत लिहायची, जनसुनावणीला दिवसभर बसायचे. १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, तो अशाच कागदोपत्री चिकाटीतून. पश्चिम घाटासाठी डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, पण तो कित्येक महिने लोकांपुढे आलाच नाही. केरळमधील एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तो शेवटपर्यंत लढवला, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये अहवाल खुला झाला. पुढे कस्तुरीरंगन समिती आली, आणि मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. प्रत्येक मसुद्यावर हरकती आणि सूचनांसाठी साठ दिवस होते. त्या सहा वेळांपैकी एकदा तरी आपल्यापैकी कोणी एक ओळ लिहून पाठवली का? आम्ही पाठवली नाही. विरोधातही नाही आणि बाजूनेही नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला या बाबतीत दूरचे उदाहरण शोधायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या विरोधात, तिथल्या विहिरी आणि बागा वाचवण्यासाठी आंदोलन केले. धर्मगुरूने रस्त्यावर उतरावे का, असे तेव्हाही विचारले गेले. २०२० साली धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी देवाघरी गेले. वेदीवरील भाकरी आणि विहिरीतले पाणी त्यांनी कधी वेगवेगळे मानले नाही.

इथपर्यंत सारे सोपे वाटते. आता अवघड भाग.

शास्त्रात नाबोथची गोष्ट आहे. राजवाड्याशेजारी त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तिथे भाजीची बाग करायची होती. राजा सुरुवातीला जबरदस्ती करत नाही. बदल्यात आणखी चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. आजच्या भाषेत, तो मोबदला देऊ करतो. नाबोथ म्हणतो, ही वाडवडिलांची जमीन, मी देणार नाही. पुढे खोटे साक्षीदार उभे राहतात आणि नाबोथ दगडमाराने मरतो. राजाला बाग मिळते. बाग हिरवीगार असेलही, पण एलिया संदेष्ट्याने तिच्यात रक्तच पाहिले.

आमच्या मते निसर्गासाठी बोलणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट जवळ ठेवावी. कोयना धरणाने साऱ्या महाराष्ट्राला वीज दिली, पण ज्यांची गावे शिवसागर जलाशयाखाली गेली त्यांना पार सोलापूर जिल्ह्यापर्यंत पांगावे लागले, आणि हक्काच्या जमिनीसाठी त्यांच्या मुला-नातवंडांनी धरणे धरली. चांदोलीचे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. तेथील गावे खाली आणून वसवली गेली. २०१२ मध्ये कास, कोयना आणि चांदोली या तिन्हींना पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याचा आनंद आम्हालाही आहे. कासच्या पठारावर सोनकी आणि तेरडा फुलतो तेव्हा देवाची स्तुती आपोआप ओठांवर येते. पण त्या आनंदाची किंमत कोणी भरली, हे विचारल्याशिवाय ती स्तुती पुरी होत नाही. ज्यांनी गाव सोडले त्यांनी आधी सोडले. आपण तिकीट काढून फुले पाहायला नंतर गेलो.

म्हणजे नियम नकोच का? तसे नाही. नियम कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारायचे आहे. याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात, येरळेच्या काठी, गावकऱ्यांनी शोधले. १९८० च्या दशकात खानापूर तालुका दुष्काळाने होरपळत होता. मुंबईचा गिरणी संप फसल्यावर गावी परतलेले कामगारही त्यात होते. नदीतली वाळू ठेकेदार ट्रक भरभरून नेत होते. वाळू गेली की नदी पाणी धरत नाही आणि काठच्या विहिरी आटतात, हे लोकांच्या लक्षात आले. मुक्ती संघर्ष चळवळीच्या माध्यमातून, डॉ. भारत पाटणकर आणि संपतराव पवार यांच्यासारख्या कार्यकर्त्यांसह, त्यांनी बेसुमार वाळूउपशाला विरोध केला. पण ते विरोधावर थांबले नाहीत. थोडी वाळू आम्हालाच विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधतो, असे त्यांनी शासनाला सांगितले. त्यातून बलवडी आणि तांदूळवाडीसाठी बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता प्रत्येक कुटुंबाला सारखे, भूमिहीनालासुद्धा, आणि पाणी पिणाऱ्या उसाला मनाई, असे त्यांनी ठरवले. ज्याने नियम मागितला त्याने तो आधी स्वतःला लावून घेतला.

आम्हाला वाटते, मेख इथेच आहे. अहाबची बाग आणि येरळेचे धरण, दोन्हीकडे पाणी आहे, हिरवाई आहे. फरक इतकाच की एकीकडे त्याग दुसऱ्याकडून घेतला, दुसरीकडे तो सगळ्यांनी वाटून घेतला.

आता पुन्हा निळ्या रेषेकडे येऊ. तिच्या आत राहणारे सगळे काही लबाड प्लॉटवाले नाहीत. वरची जागा परवडली नाही म्हणून तिथे घर बांधलेली कुटुंबे आहेत, आणि त्यांतली काही रविवारी आपल्याच बाकावर बसतात. रेषा पाळा असे आपण मोठ्याने म्हणालो तर पहिला धक्का त्यांना बसेल. म्हणून मन कचरते, आणि प्रीतीच्या नावाखाली आपण गप्प राहतो. पण हीच प्रीती त्यांना दर पुरात पहिल्या मजल्यावर सामान चढवायला लावते. त्यांच्या मुलाबाळांची खरी काळजी असेल तर आपण एका दमात दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत: रेषेच्या आत नवे बांधकाम नको, आणि जे आत अडकले त्यांना उंचावर परवडेल अशी जागा हवी. पहिली मागणी दुसरीशिवाय केली तर आपण अहाबच्या बाजूला जाऊन बसतो. दुसरी पहिलीशिवाय केली तर कठडा कधीच बांधला जाणार नाही. आणि जागेसाठी गावाला खर्च आला, कर वाढला, तर कुरकुर न करता तो आपण भरला पाहिजे. उंचावर सुखरूप राहणाऱ्यांनी तर आधी.

बंधू-भगिनींनो, लांबचे नको, जवळचे सांगतो. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे २००२ च्या कायद्याने आवश्यक आहे. आपल्याकडे ती कधी बसते, हे विचारून यावे. नवे घर किंवा प्लॉट घेताना सर्वांत आधी पूररेषेचा नकाशा पाहावा आणि नातेवाइकांनाही पाहायला लावावा. बांधकामाला वाळू आणताना ती कुठल्या नदीची, हे विचारण्याची लाज बाळगू नये. पुढच्या वेळी एखादा मसुदा हरकतींसाठी निघेल तेव्हा आपल्या तरुणांनी तो मराठीतून समजावून सांगावा, आणि आपण पाच-पन्नास जणांनी सही करून पत्र पाठवावे. या कामाचे फोटो निघत नाहीत. पण ज्याचे प्राण त्यामुळे वाचतील त्याला आपले नाव कधी कळणार नाही, आणि आपल्यालाही त्याचे.

प्रभू येशूने शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर एका वाटसरूच्या गोष्टीने दिले. आपला शेजारी कदाचित पुढच्या पावसाळ्यात नदीकाठी झोपलेला असेल. तो पाण्यात पडण्याआधीच त्याच्यासाठी कठडा बांधण्याची बुद्धी, आणि त्यासाठी आपल्या वाटणीची वीट आणण्याचे धैर्य, प्रभूने आपल्या धर्मग्रामाला द्यावे. आमेन.