जीएसटी आणि ज्ञानेश्वरी एकाच पडद्यावर

ज्या यंत्रावर दिवसभर दुसऱ्यांच्या खरेदी-विक्रीच्या बेरजा करायच्या, त्याच यंत्रावर पहाटे ज्ञानेश्वरी वाचावी का? हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी विचारला. मी साताऱ्यात कर सल्लागार आहे. जुना लॅपटॉप बदलायला झाला होता आणि नवा कन्व्हर्टिबल घ्यावा असे माझ्या मनात होते. पडदा बिजागरीवर पूर्ण मागे वळवला की ज्याचा टॅबलेट होतो, तो प्रकार. एकाच खर्चात कामही होईल आणि वाचनही, असा माझा हिशेब. आईंना हिशेब पटला, पण त्या म्हणाल्या, "देवाचं ताम्हन आमटी वाढायला घेतो का गं आपण?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी उभी हयात साखरे महाराजांच्या प्रतीवर नेम चालवला आहे. ती प्रत रुमालात बांधलेली असते, वाचताना चौरंगावर येते, वाचून झाली की कपाळाला लावून पुन्हा रुमालात जाते. तिच्यावर चष्मासुद्धा ठेवलेला आईंना चालत नाही. वस्तू वेगळी ठेवली की मन आपोआप सावध होते, हा त्यांचा अनुभव आहे. तो मला हलका मानता येत नाही. म्हणून यंत्राचे गुणदोष तपासताना हा प्रश्नही मी त्यांच्याच रांगेत धरला.

आधी यंत्राचे बोलू. पडदा फिरवून पेनने लिहायचे लॅपटॉप २००२ च्या सुमारास, मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची टॅबलेट आवृत्ती आणली तेव्हापासून बाजारात दिसू लागले. पण ते जाड होते आणि महागही. ३६० अंशांत मागे वळणारी बिजागरी लोकांच्या ओळखीची झाली ती २०१२ मध्ये, लेनोवोच्या योगा मालिकेमुळे. त्याच मालिकेत २०१४ साली आलेल्या योगा ३ प्रोच्या नुसत्या बिजागरीत धातूचे ८१३ सुटे तुकडे होते. एका वस्तूला दोन रूपे द्यायला माणसांनी इतकी मेहनत घेतली, याचे मला कौतुक वाटते.

माझ्या धंद्यात नुसत्या टॅबलेटवर भागत नाही. टॅली हवे, विवरणपत्रांच्या ऑफलाइन युटिलिटी हव्यात, डिजिटल सहीचा टोकन लावायला यूएसबीची जागा हवी. (पातळ कन्व्हर्टिबलमध्ये कित्येकदा फक्त टाइप-सी असते. मग टोकनसाठी वेगळा जोड बाळगावा लागतो. घेताना हे जरूर पाहावे.) दुसरीकडे, साध्या लॅपटॉपवर पोथी वाचणे म्हणजे कीबोर्डाच्या पलीकडे मान ताणून बसणे. कन्व्हर्टिबल या दोन्हींच्या मध्ये बसतो आणि त्याची किंमतही घेतो. त्याच ताकदीचा साधा लॅपटॉप स्वस्त पडतो. काच आणि स्पर्शाचा थर सहसा एकत्र चिकटवलेला असतो, त्यामुळे तडा गेला की अख्खा पडदा बदलावा लागतो. चौदा इंची यंत्राचे वजन दीड किलोच्या आसपास असते, तर साधा टॅबलेट अर्ध्या किलोचा. पडदा मागे वळवल्यावर कळा बंद होतात हे खरे, पण बोटांना त्या पाठीमागे लागत राहतात. अध्याय संपेपर्यंत ते हातात धरून बसणे मनगटाला झेपत नाही. आणि एकच यंत्र दुरुस्तीला गेले की काम आणि नेम दोन्ही थांबतात. महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीच्या ३बी विवरणपत्राची मुदत असते. तेव्हा यंत्र दुकानात असणे काय असते, ते या व्यवसायातल्या माणसाला सांगायला नको.

तरीही एक गोष्ट मला फार भावली. यंत्र उलट्या व्हीसारखे, म्हणजे टेंट मोडमध्ये चौरंगावर उभे केले की पडदा आडवा येतो आणि जुन्या पोथीच्या पानासारखा रुंद व बुटका दिसतो. कीबोर्ड मागच्या बाजूला जातो, नजरेआड. त्याच्या कडाच तेवढ्या टेकलेल्या असल्यामुळे कुंकू, अंगारा, अक्षता कळांत शिरत नाहीत. कीबोर्ड पालथा घालून यंत्र ठेवले तर मात्र हमखास शिरतात. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. राजवाडे प्रत आणि दांडेकरांची प्रत शेजारी शेजारी उघडून पाठभेद पाहता येतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती मिळवून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला; त्या कष्टांची किंचित कल्पना मला दोन पाठ एकत्र पाहताना आली. पोथीच्या समासात पेन लावायला माझा हात धजत नाही, इथे मात्र मी मनात येईल ते लिहिते आणि नको वाटले की पुसते.

आता आईंचा प्रश्न. त्यांच्या हातातली पोथी छापील आहे, आणि एके काळी छापील पोथीलाच विटाळ मानत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत छपाई वाढू लागली तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापलेल्या कागदाला हात लावायला कित्येक कर्मठ लोक तयार नसत. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले. पुढे धर्मग्रंथ छापताना त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातले. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी छापली आणि हाताने नक्कल केलेल्या पोथ्यांत राहिलेला ग्रंथ छापून बाहेर आला. त्या वेळी शंका जिंकली असती तर आईंच्या घरात ज्ञानेश्वरी पोचली असती का, कोण जाणे. मी त्यांना हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण तूप घातलं ना त्यांनी? काहीतरी केलं ना?"

या उत्तराने माझा सगळा विचार बदलून टाकला. मी वाद जिंकायला गेले होते आणि त्यांनी मला नेमके काम दिले. नवे साधन घ्यायला त्यांची हरकत नव्हती. ते घेताना आपण काय करतो, एवढेच त्या विचारत होत्या.

काही करायची गरजच नाही, असे म्हणणारी परंपरा माझ्याच घरची आहे. सावता महाराज अरणला मळ्यात राबले, पंढरीला गेले नाहीत; आजही आषाढात विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून अरणला त्यांच्या भेटीला जाते. गोरोबा तेरला चिखल तुडवत होते. जनाबाईंचे जाते गोपाळपुरात दाखवतात. या संतांना कामाचे हात आणि भक्तीचे हात वेगळे करावे लागले नाहीत. शिवाय भांडी वेगळी ठेवता ठेवता आपण माणसेही वेगळी ठेवली. चोखोबांना देवळात येऊ दिले नाही, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. वस्तूतच पावित्र्य असते आणि कुणाच्या स्पर्शाने ते जाते, हे म्हणणे मी मान्य करणार नाही. लॅपटॉपच्या बाबतीतही नाही.

पण जनाबाईंच्या जात्यावर कुणाचा संदेश येत नव्हता. मला इथेच खरा फरक दिसतो. जात्याचे काम हाताला जुंपते आणि मन मोकळे सोडते, म्हणून ओवी सुचते. माझे काम मनालाच जुंपते. सहाव्या अध्यायात अभ्यासाचा विषय चालू असावा आणि कोपऱ्यात एखाद्या व्यापाऱ्याचा निरोप यावा की इनपुट क्रेडिट जुळत नाही. की मी गेलेच! पडदा उलटा केला तरी यंत्राच्या आतले काही उलटत नाही. टेंट मोडमध्येही ते जीएसटीचेच यंत्र असते. कन्व्हर्टिबलचा सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो, आणि दुकानात तो कुणी सांगत नाही, कारण तो यंत्राचा नाही.

आईंची रुमालाची गाठ मनाला असे भरकटू देत नाही. गाठ सोडताना दुसरे काही करता येत नाही. सोवळ्यातून विटाळ काढून टाकला तर एवढे उरते, की ठरावीक वेळी मनाने एकाच गोष्टीपाशी राहावे म्हणून घातलेले कुंपण. ते मी स्वतःला घालावे. दुसऱ्याला अडवायला नाही. पतंजलींनी धारणा म्हणून मनाला एका जागी बांधायला सांगितले, त्यालाही ही पूर्वतयारी लागतेच.

म्हणून मी कन्व्हर्टिबल घेतला आणि त्यात माझे तूप घातले. विंडोजमध्ये दोन वेगळी खाती केली, दोन वेगळ्या पासवर्डांची. कामाच्या खात्यात टॅली, ईमेल, व्हॉट्सअॅप. वाचनाच्या खात्यात फक्त ग्रंथ आणि लिहायची वही, सूचना सगळ्या बंद, आणि पहाटे वायफायही बंद. मी व्हॉट्सअॅप त्या खात्यात कधीही टाकू शकते, एका मिनिटाचे काम आहे. टाकत नाही, एवढाच माझा नेम. तांत्रिकदृष्ट्या ही व्यवस्था अगदी किरकोळ आहे, आणि तिच्याशिवाय दोन रूपांचे यंत्र निदान साधकाच्या कामाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन वस्तू परवडत असतील त्यांनी साधा लॅपटॉप आणि वेगळा, हलका टॅबलेट घ्यावा, तेही चांगलेच. पण घरात एकच यंत्र असेल, त्यावर मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब आणि हरिपाठ सगळे चालत असेल, तर त्या घरातला हरिपाठ कमी पवित्र आहे असे कुणी म्हणू नये.

घेणार असाल तर दुकानात पडदा मागे वळवून यंत्र दहा मिनिटे हातात धरून पाहा, बिजागरी दोन्ही बाजूंनी सारखी घट्ट आहे का ते तपासा, पेन त्याच किमतीत मिळते का ते विचारा. आणि यंत्र चौरंगावर ठेवून वाचणार नसाल, पेनने लिहिणारही नसाल, तर जास्तीचे पैसे घालू नका. साधा लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या पैशांतून सार्थ ज्ञानेश्वरीची एक छापील प्रत घरात आणा.