खुनी कोण, ते न सांगता

रहस्यकादंबरीच्या परीक्षकावर एक विचित्र बंधन असतं. सगळं पुस्तक ज्या शेवटावर तोललेलं, त्याबद्दल त्याने चकार शब्द काढायचा नाही. म्हणून नव्या रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणं बहुधा पहिल्या शंभर पानांचीच होतात. अर्धवट कथानक, वातावरणनिर्मितीचं कौतुक आणि 'पुस्तक खाली ठेववत नाही' हे ठरलेलं वाक्य. हे तर मलपृष्ठावरही छापलेलं असतं. त्यासाठी परीक्षक कशाला हवा?

अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने 1945 साली 'न्यूयॉर्कर'मध्ये या साहित्यप्रकाराची खिल्ली उडवली. रॉजर अ‍ॅक्रॉइडला कुणी का मारलेलं असेना, कुणाला पर्वा आहे, असा त्याच्या लेखाच्या शीर्षकाचाच सवाल होता. सामान्य रहस्यकथांना तो नेमका लागू पडतो. खुन्याचं नाव कळलं की त्या संपतात. पण विल्सनने नाव घेतलं ते भलत्याच पुस्तकाचं. अगाथा क्रिस्टीबाईंची ही रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची 1926 ची कादंबरी खरी रंगते ती दुसऱ्या वाचनात, खुनी ठाऊक झाल्यावर. सगळं आपल्यासमोर उघड्यावर मांडलेलं होतं आणि आपणच भलतीकडे पाहत होतो, हे पानोपानी लक्षात येतं. (पुस्तक शंभरीला आलं, तरी याहून अधिक सांगायची माझी छाती होत नाही.)

म्हणून परीक्षकाने नवी रहस्यकादंबरी दोनदा वाचावी, असं मला वाटतं. पहिल्यांदा वाचक म्हणून फसावं. दुसऱ्यांदा लेखकाचा हिशेब तपासावा. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने 1929 मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम घातले होते. डिटेक्टिव्हला सापडलेले दुवे वाचकापासून लपवायचे नाहीत, जुळा भाऊ ऐनवेळी उपटता कामा नये, वगैरे. काही नियम गमतीचेच आहेत, पण त्यांच्या मुळाशी वाचकाला न्याय मिळावा ही अपेक्षा आहे. तो मिळाला की नाही, हे रहस्य न फोडताही सांगता येतं. 'उकल पटते, पण तिचा एकही दुवा आधी आलेला नाही' एवढं वाक्य पुरतं.

आणि दडवायचं तरी नेमकं काय? जपानी लेखक केइगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो. खुनी माहीत असूनही आपण शेवटपर्यंत चकतो. तिथे परीक्षकाने खुन्याचं नाव खुशाल सांगावं. शेजारच्या गणितशिक्षकाबद्दल मात्र जपून बोलावं.

मराठीत दुसऱ्या वाचनात हिशेब तपासण्याची ही शिस्त रुजायला हवी होती. रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांच्या झुंझार आणि काळापहाड या नायकांवर वाढलेल्यांनी त्यांच्या आठवणी हौसेने लिहिल्या, पण त्यातली कोणती पुस्तकं रहस्य म्हणून पक्की विणलेली आहेत आणि कोणती नुसती वेगावर निभावली, याची निवड क्वचितच कुणी केली. प्रेम भरपूर मिळालं. तपासणी राहून गेली. आजही एखादी नवी मराठी रहस्यकादंबरी येते, तेव्हा 'मराठीत असं कुणी लिहितंय, हेच खूप' म्हणून तिला पाठीवर थाप मिळते. तिच्या लेखकाला या थापेपेक्षा तिसऱ्या प्रकरणातली वेळेची चूक दाखवणारा वाचक जास्त उपयोगी पडेल.