शक्ती, सहकारी कारणे आणि ग्रॅफाइट ऑक्साइड

वस्तूकडून घडणारे कार्य तिच्यातील अदृश्य शक्तीमुळे घडते, की अनेक कारणे एकत्र आल्यामुळे? भारतीय दर्शनांतील मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील हा जुना वाद आहे. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ ठेवला की जाळत नाही, हे त्यातले ठरलेले उदाहरण. मीमांसकांच्या मते अग्नी दिसायला तोच राहतो, मग मण्याने नष्ट केली ती दाहशक्तीच. म्हणून शक्ती हा स्वतंत्र पदार्थ मानावा लागतो. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हे मत खोडून काढले. प्रतिबंधकाचा अभाव हेही दाहाचे एक कारण आहे. मणी आला की ते कारण उरत नाही, इतके म्हटल्याने काम भागते.

कार्बनच्या थरयुक्त पदार्थांत हाच प्रश्न मोजमापासह उभा राहतो. ग्रॅफाइटचे थर 0.335 नॅनोमीटर अंतरावर असतात. पाण्यात ठेवून दाबले तरी पाणी त्यांच्यात शिरत नाही. बेंजामिन ब्रॉडी यांनी 1859 मध्ये तयार केलेल्या ग्रॅफाइट ऑक्साइडच्या थरांवर मात्र ऑक्सिजनयुक्त गट असतात. ते पाण्याला ओढून घेतात आणि पदार्थ फुगतो. 2008 मध्ये स्वीडनमधील उमिओ विद्यापीठाच्या संशोधकांनी तो हिऱ्यांच्या टोकांमध्ये पाण्यासह दाबला, तेव्हा दाबाबरोबर थर एकमेकांपासून दूर गेले. 1.3 ते 1.5 गिगापास्कल दाबाला प्रसरण 28 ते 30 टक्क्यांवर पोहोचले. दाबाने पाण्याचे आणखी रेणू थरांत शिरतात; थर फाकले तरी पाणी आणि पदार्थ यांचे एकत्रित आकारमान घटते. पाणी गोठले की थरांतील अंतर एकदम कमी होते, आणि दाब उतरवला की बदल उलटतो. कोरडा पदार्थ मात्र दाबाखाली आक्रसतो.

येथे नैयायिकांची बाजू बळकट ठरते. गोठण्याबरोबर शक्ती नष्ट झाली आणि वितळण्याबरोबर पुन्हा जन्मली, असे मानण्याची गरज नाही; पाण्याचे द्रवरूप हे सहकारी, म्हणजे साथ देणारे, कारण गेले, एवढे पुरे. तरी मीमांसकांचा आग्रह निराधार नव्हता. तेच पाणी आणि तोच दाब असूनही ग्रॅफाइट फुगत नाही, म्हणजे वस्तूचा स्वतःचा वाटा असतोच. न्यायपरंपरेने या वाट्याला स्वरूपयोग्यता म्हटले आणि प्रत्यक्ष कार्य घडवणाऱ्या कारणापासून ती वेगळी ओळखली. कोरड्या ग्रॅफाइट ऑक्साइडमध्ये ही योग्यता ऑक्सिजनच्या गटांच्या रूपाने हजर असते. फुगणे घडते ते पाण्याची साथ मिळाल्यावरच, आणि दाबाने ते वाढते. वस्तूचा स्वभाव सांगताना म्हणूनच तिची घडण आणि तिची परिस्थिती, दोन्ही सांगावी लागतात.