परक्याचे प्रारब्ध

धंदा बसला, कारखान्याने माणसे कमी केली, की गावात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘त्याचे प्रारब्ध, दुसरे काय !’ वाचकहो, शब्द शास्त्राचा खरा. पण तो दुसऱ्याच्या दारात असा टाकावा काय, याचा थोडा विचार करू.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार; त्यांत आम्हां कोकणच्या माणसांचा भरणा मोठा. संप हे निमित्त झाले. जुनी यंत्रे आणि बाहेरचे यंत्रमाग यांनी गिरणीचा धंदा आधीच खंगला होता. गावच्या मनीऑर्डरी आटल्या. त्याच दशकात अलिबागजवळ थळला सरकारी खताचा कारखाना उभा राहिला. तिथे चिकटला त्याच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार. आता साच्यावर उभा राहणारा आळशी आणि खतवाला पुण्यवान, असे म्हणाल काय ? ओढगस्तीत माणूस कापड एखादे वर्ष कमी घेतो, शेताला मात्र खत लागतेच. त्यातून सरकारचा हात पाठीशी. भेद एवढाच.

2020 च्या टाळेबंदीत हेच दिसले. काशीद-मुरूडच्या खानावळी, घोडागाड्या सारे बंद. खत मात्र अत्यावश्यक म्हणून त्याला मुभा. कारखान्यातसुद्धा कायम कामगार निराळा आणि ठेकेदाराचा माणूस निराळा. मंदी आली की ठेकेदाराचा माणूस आधी घरी बसतो. पुढे 3 जूनला निसर्ग वादळ आले, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. नवे झाड फळास यायला वर्षे लागतात. बागायतदाराची जमीन तरी राहिली. रोजाने सुपारी पाडणाऱ्याचे काय ? झाडच नाही, तर चढायचे कशावर ?

शास्त्रात प्रारब्धाबरोबर क्रियमाणही सांगितले आहे, ते आम्ही सोयीने विसरतो. प्रारब्ध म्हणावे ते आपल्या दुःखाला, मन खचू नये म्हणून. दुसऱ्याचे दुःख समोर आले की तिथे आमचे क्रियमाण सुरू होते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचेही दुकान बुडाले, दिवाळे निघाले. परंपरा सांगते, त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. पण आधी निम्मी कान्होबांच्या हवाली केली. भावाच्या वाट्यावर त्यांनी औदार्य केले नाही, हे ध्यानात घ्यावे.

कीर्तनात हे बोललो, तेव्हा एका दुकानदाराने विचारले, ‘‘बुवा, मग उधारीची वही बुडवू काय ?’’

म्हटले, ‘‘वही राहू द्या. नोकरी गेलेल्याच्या दारात यंदा वसुलीला जाऊ नका, म्हणजे झाले.’’

तो म्हणाला, ‘‘माझा घाऊकवाला थांबतो होय ?’’

त्याचेही खोटे नव्हते. सारा भार त्या एकट्यावर का ? ज्यांच्या घरी पगार चालू आहे त्यांचीही नावे त्या वहीत असतातच. त्यांनी आपली बाकी आधी चुकती करावी, म्हणजे दुकानदाराला इतरांसाठी थांबता येईल.