जबाबदारी आणि अखत्यार

कामाच्या ताणाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्याच्या मुळाशी बहुधा एकच समजूत असते: काम फार झाले म्हणजे माणूस थकतो आणि हा थकवा साचत गेला की त्यालाच ताण म्हणावयाचे. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि अपुऱ्या निदानावर योजलेले उपायही अपुरेच पडतात. सुगीच्या दिवसांत उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत राबणारा शेतकरी किंवा पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत तालीम करणारी नाटकमंडळी कचेरीतल्या कारकुनाहून अधिक तास खपतात. तरी त्यांच्या थकव्याला एक गाढ झोप पुरते, आणि कारकुनाच्या थकव्याला महिन्याची रजाही पुरत नाही. तोच शेतकरी बाजारात माल नेतो, तेथे भाव पडलेला असतो, घरी सावकाराचा तगादा असतो, आणि मग मात्र त्याचीही झोप उडते. ज्या क्षणी परिणामाची जबाबदारी आपली आणि त्यावरील सत्ता दुसऱ्याची होते, त्या क्षणी श्रमाचे रूपांतर ताणात होते. कष्टांच्या परिमाणापेक्षा जबाबदारी आणि अखत्यार यांच्यामधील ही विषमताच माणसाला अधिक झिजवते, असे मला वाटते.

शरीराच्या अंगाने पाहू लागलो तर या झिजेचे स्वरूप फार गूढ नाही. माँट्रिऑल येथे संशोधन करणाऱ्या हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये असे परस्परांशी काहीही संबंध नसलेले आघात त्याने उंदरांवर केले होते, आणि प्रत्येक वेळी अधिवृक्क ग्रंथी वाढणे व जठराच्या अस्तरात व्रण पडणे असे एकाच प्रकारचे फेरफार त्याला आढळले. आघात कोणताही असो, देहाचे उत्तर ठरलेले असते: रक्तात अॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल यांची भर पडते, हृदयाची गती वाढते आणि पचनासारखी कामे तहकूब होतात. लढावे किंवा पळावे यासाठी ही सिद्धता असते. परंतु साहेबाच्या मेजासमोर उभे राहून जाब ऐकणाऱ्या माणसाला लढताही येत नाही आणि पळताही येत नाही; त्याच्या देहाने केलेली सिद्धता खर्चच होत नाही, आणि हा प्रकार वर्षानुवर्षे चालला म्हणजे रक्तदाब, निद्रानाश, पोटाचे विकार आणि हृदयरोग यांना वाट मोकळी होते.

हा भार नेमका कोणाच्या वाट्याला अधिक येतो, याविषयी तर आपला तर्क साफ चुकतो. मोठा अधिकारी, मोठी चिंता, म्हणून हृदयविकारही मोठ्यांचाच, असे आपण सहज गृहीत धरतो. लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सरकारी दफ्तरांत १९६७ पासून सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची जी दीर्घकालीन पाहणी झाली, तिने हे गृहीत उलटे केले. सर्वांत खालच्या पायरीवरील शिपाई व दारवान यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक आढळले; आणि विशेष हे की वरून खाली येताना मृत्यूचे प्रमाण पायरीपायरीने वाढत गेले होते. येथे कोणी अन्नाला मोताद नव्हता, प्रत्येकाची नोकरी कायम होती आणि उतारवयासाठी पेन्शन होते. खालच्या वर्गात धूम्रपान अधिक होते हे खरे. पण धूम्रपान, रक्तदाब इत्यादी ज्ञात कारणे हिशेबात धरूनही तफावतीचा मोठा भाग शिल्लक राहिला. म्हणून १९८५ पासून दहा हजारांवर स्त्री-पुरुष नोकरांची दुसरी पाहणी हाती घेण्यात आली, आणि मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांना या तफावतीचे एक मोठे कारण सापडले ते असे, की खालच्या नोकराला स्वतःच्या कामावर ताबाच नसतो. मधल्या काळात, १९७९ साली, संशोधक रॉबर्ट कारासेक यांनीही हाच सिद्धान्त मांडला होता: कामाची मागणी मोठी आणि निर्णयाची मुभा अल्प, असा संयोग सर्वांत घातक असतो; उलट मागणी मोठी असूनही मुभा तितकीच मोठी असेल तर तेच काम माणसाला वाढवते.

हा संयोग पाहावयास लंडनला जाण्याचे कारण नाही. बँकेच्या खिडकीमागे बसलेली कर्मचारी स्त्री ‘सर्व्हर डाउन’ झाल्याचा दोष दिवसभर रांगेकडून ऐकून घेते, पण तो सर्व्हर चालू करणे तिच्या हाती नसते. शाळेच्या निकालाबद्दल शिक्षकाला जबाबदार धरले जाते, आणि निवडणुकीचे व जनगणनेचे काम आले की वर्ग सोडून जाण्याचा हुकूमही त्यालाच मिळतो. अशा व्यवस्थेत माणूस हळूहळू काम करण्याऐवजी स्वतःचा बचाव करू लागतो. प्रत्येक प्रकरणावर पुढेमागे अंगाशी येणार नाही असा शेरा मारावयाचा आणि निर्णय शक्य तितका वर ढकलावयाचा, हीच त्याची कार्यपद्धती होऊन बसते. निर्णय असे वर जातात आणि राग मात्र खाली उतरतो. साहेबाकडून अव्वल कारकुनाकडे, तेथून शिपायाकडे आणि अखेरीस घरातल्या लेकराबाळांकडे. दफ्तरातील ताणाचे परिणाम दफ्तराच्या भिंतींपाशी थांबत नाहीत, त्याचे कारण हेच होय.

यावर आपल्याकडे जे इलाज सुचविले जातात ते जवळजवळ सगळे नोकराच्या एकट्याच्या माथी मारलेले असतात. त्याने योगासने करावीत, प्राणायाम करावा, मन शांत ठेवावे. आणि इतके करूनही भागले नाही तर गीतेतील निष्काम कर्माचा उपदेश आहेच. व्यायामाने, दीर्घ श्वसनाने व पुरेशा झोपेने देहाची ती न वापरलेली सिद्धता ओसरते, यात शंका नाही, आणि हे उपाय करणाऱ्याने ते अवश्य करावेत. गीतेचा आधार घेणाऱ्या वरिष्ठांना मात्र त्या ग्रंथातील दोन गोष्टींचे विस्मरण झालेले असते. एक अशी, की अर्जुन प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नांबद्दल त्याच्याकडून कोणी लेखी खुलासा मागवीत नाही. आणि दुसरी अशी, की अठरा अध्यायांच्या अखेरीस श्रीकृष्ण त्याला आज्ञा करीत नाही, तर सर्व गोष्टींचा पूर्ण विचार करून इच्छेला येईल तसे कर, असे सांगतो. फळाची आसक्ती सोडण्याचा उपदेश तेथे निर्णयाच्या स्वातंत्र्यासह दिलेला आहे. स्वातंत्र्य स्वतःकडे ठेवून केवळ अनासक्ती दुसऱ्यास वाटणे, हा त्या उपदेशाचा विपर्यास होय.

विश्रांती ही व्यक्तीच्या शिस्तीची नव्हे, तर समाजाच्या व्यवस्थेची बाब आहे, हे मुंबईच्या गिरणगावाने फार पूर्वी ओळखले होते. सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले; त्यात आठवड्याच्या सुटीची मागणी होती. पुढे सहा वर्षांच्या खटपटीनंतर, जून १८९० मध्ये, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. चित्त स्थिर ठेवून यंत्रावर उभे राहा, असा उपदेश लोखंड्यांनी कामगारांना केला नाही. त्यांनी यंत्र थांबविण्याची तजवीज केली.

तो रविवार आता खिशातल्या मोबाइलने परत घेतला आहे. रात्री दहा वाजता व्हॉट्सअॅपच्या गटावर येणारी ताकीद कोणत्याही हजेरीपत्रकात नोंदली जात नाही, पण ती वाचणाऱ्याचा दिवस मात्र संपलेला नसतो. तासांचा प्रश्न गौण नाही. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, परंतु त्याचा कायदा झाला नाही.

स्पर्धेच्या युगात असल्या सवलती परवडत नाहीत, असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. परंतु भीतीने ग्रासलेला माणूस चुका लपवितो, लपविलेल्या चुका मुदत टळून गेल्यावर उघडकीस येतात, आणि कंटाळून नोकरी सोडणारा कुशल मनुष्य आपला अनुभव बरोबर घेऊन जातो. हा खर्च कोणत्याच खतावणीत दिसत नसला तरी तो धन्यालाच सोसावा लागतो. उलट, चार कामे एकदम आली असता आधी कोणते करावयाचे हे वरिष्ठाने स्पष्ट सांगणे, जो ज्या कामाला जबाबदार त्याला त्या कामापुरता निर्णय घेऊ देणे, हक्काची रजा उपकारासारखी न देणे आणि चूक चारचौघांत न काढणे, यांतील एकाही गोष्टीस पैसा लागत नाही.

नोकराचेही काही कर्तव्य आहे. न झेपणारे काम होकार देऊन अडवून ठेवण्यापेक्षा वेळेवर नकार कळविणे, सहकाऱ्यांशी बोलणे, एकट्याची तक्रार ऐकली जात नसेल तर संघटितपणे मांडणे आणि मन फारच खचू लागले तर वैद्याकडे जाण्यात कमीपणा न मानणे, हे त्याने केले पाहिजे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. पण या सर्वांचा क्रम आपण ध्यानात ठेवावा. ज्याच्या हाती अखत्यार आहे त्याने आधी बदलावयाचे, आणि ज्याच्या हाती केवळ जबाबदारी आहे त्याने त्यानंतर. आपल्या हाताखाली एक जरी माणूस काम करीत असेल, तर त्याच्यावर टाकलेल्या जबाबदारीइतका अखत्यार आपण त्याला दिला आहे काय, हे वाचकाने एकवार तपासून पाहावे. आणि दिला नसेल, तर त्याला शांत राहण्याचा उपदेश करण्यापूर्वी तो द्यावा.